प्लाउ लेन, साउथ लंडन: एएफसी विंबल्डनचं ग्राउंड, पाचपैकी साडेचार स्टार

लंडनला पाहुणे आले आणि त्यात कोणी फुटबॉलवेडं असलं की चेल्सी नाहीतर आर्सेनलच्या स्टेडियमची टूर ठरलेलीच असते, रिकाम्या खुर्च्या बघायच्या, ड्रेसिंग रूममध्ये फोटो काढायचा, दुकानातून जर्सी घ्यायची आणि परत. करा, चांगलीच असते टूर. पण एक शनिवार मोकळा ठेवा आणि एएफसी विंबल्डनची खरीखुरी मॅच बघायला प्लाउ लेनला जा, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

हो, विंबल्डन म्हणजे तेच टेनिसवालं, पण टेनिसची कोर्टं वेगळीकडे. फुटबॉल ग्राउंडला जायचं तर थेम्सलिंक रेल्वेचं हेडन्स रोड स्टेशन सगळ्यात जवळ, तिथून दहा-एक मिनिटं चालत. आम्ही मात्र टूटिंग ब्रॉडवेला उतरतो, तिथे साउथ इंडियन हॉटेलं भरपूर आहेत, डोसा खायचा, कॉफी घ्यायची आणि मग निवांत चालत जायचं, अर्धा तास धरा. निळे-पिवळे मफलर दिसायला लागले की रस्ता विचारावा लागत नाही.

ग्राउंड छोटं आहे, ९००० च्या थोडं वर माणसं मावतात, आणि हेच मला सगळ्यात आवडतं. एका बाजूला मोठा मेन स्टँड, बाकीच्या तीन बाजूंचे स्टँड साधे आणि बुटके, कारण पैसे होते तेवढ्यातच बांधलंय आणि पुढे पैसे आले की वाढवता येईल अशी सोय ठेवलीय, अगदी २०,००० पर्यंत. एका गोलच्या मागे उभं राहून मॅच बघायची जागा आहे, पुढे लोखंडी रेलिंग, धरून उभं राहायचं. तिथे पुढच्या रांगेत असलात ना तर गोलकीपर डिफेंडरवर काय ओरडतोय ते शब्दन्शब्द ऐकू येतं, स्लाइड टॅकल झाला की ओल्या गवताचा फर्रर्र आवाज येतो, कॉर्नर घ्यायला आलेला प्लेयर हाताच्या अंतरावर असतो. टीव्हीवर प्रीमियर लीग बघून बघून फुटबॉल किती अंगावर येणारा खेळ आहे हे आपण विसरूनच जातो हो. दर्जा अर्थात खालच्या डिव्हिजनचा आहे, पास चुकतात, बॉल बराच वेळ हवेत असतो, ज्यांना फक्त नाजूक पासिंग बघायचंय त्यांनी दुसरीकडे जावं.

पण या ग्राउंडला मी एवढे स्टार का देतेय ते कळायला मागची गोष्ट माहीत हवी. नुसतं स्टेडियम म्हणून बघितलं तर तुम्ही म्हणाल पत्र्याचे स्टँड आहेत, त्यात काय एवढं.

जुना विंबल्डन क्लब १८८९ चा, आणि १९१२ पासून त्यांचं ग्राउंड याच प्लाउ लेनवर होतं. १९७७ मध्ये कुठे ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशपातळीवरच्या मोठ्या लीगमध्ये आले आणि ११ वर्षांत म्हणजे १९८८ ला वेम्बलीवर लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडचा सगळ्यात जुना नॉकआउट कप, घेऊन गेले! लॉरी सांचेझचा गोल, आणि डेव्ह बेसंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली, वेम्बलीवरच्या कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. असा क्लब. पुढच्याच वर्षी हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरीत चाहते गेले, मग त्या दुर्घटनेच्या चौकशीचा टेलर रिपोर्ट आला, वरच्या डिव्हिजनच्या क्लबांना सगळी बसायचीच जागा हवी असा नियम झाला, आणि प्लाउ लेन जुनंपुराणं, तिथे ते जमण्यासारखं नव्हतं असं ठरवून १९९१ मध्ये क्लब तिथून निघाला आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. तात्पुरतं म्हणून गेले ते गेलेच. नव्या जागेचा शोध वर्षानुवर्षं चालूच, मध्ये तर क्लब उचलून आयर्लंडला डब्लिनला न्यायचं चाललं होतं, तोवर जुनी जागा सुपरमार्केटवाल्यांना विकूनही झाली.

आणि मग २००१ मध्ये मालकांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला जाणार. ते लंडनच्या बाहेर, ९०-एक किलोमीटरवर! चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं पण २८ मे २००२ ला फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन जणांच्या कमिशनने २ विरुद्ध १ असा परवानगीचा निकाल दिला. वर त्या निकालात असंही लिहिलं की चाहत्यांनी विंबल्डनमध्ये नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. माझ्या मते इंग्लिश फुटबॉलमधला हा सगळ्यात चुकीचा निकाल, आणि अजूनही तो वाचला की माझं डोकं फिरतं, कारण क्लब म्हणजे काय फ्रँचायझी आहे का, शटर पाडून दुसऱ्या गावात उघडायला?

चाहत्यांनी काय केलं तर महिन्याभरात विंबल्डन कॉमनच्या मैदानात खुल्या ट्रायल्स लावल्या, २३० पोरं आली, त्यातून एएफसी विंबल्डन नावाची नवी टीम काढली आणि अगदी तळातल्या प्रादेशिक लीगपासून सुरुवात. त्यात सलग ७८ लीग मॅच न हरण्याचा इंग्लंडचा विक्रम केला, ९ वर्षांत ५ प्रमोशन, आणि २०११ ला लुटनला पेनल्टीवर हरवून थेट फुटबॉल लीगमध्ये. पण घर कुठे होतं? शेजारच्या किंग्स्टनमध्ये, किंग्जमेडोला, तेही पाच हजारांच्या आतलं ग्राउंड. जिंकत होते, वर चढत होते, पण नाव विंबल्डन आणि पत्ता दुसऱ्याच गावचा, हे त्यांना सलत राहिलं.

जागा शेवटी सापडली ती जुन्या ग्राउंडपासून अक्षरशः दोन-अडीचशे मीटरवर, कुत्र्यांच्या शर्यतीच्या ग्रेहाउंड स्टेडियमची. सापडली म्हणजे लगेच मिळाली असं नाही. डिसेंबर २०१५ ला मर्टन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, मंजुरी दिली, मग लंडनच्या मेयरने फाइल स्वतःकडे मागवून घेतली, मेयर बदलले, सादिक खाननी ती परत कौन्सिलकडे पाठवली, मग उरलेले करारमदार करण्यात २०१७ संपलं. दरम्यान किंग्जमेडो चेल्सीला विकलं, त्याचे पैसे इकडे वळवले. आणि बांधकाम अर्ध्यावर असताना, २०१९ च्या शेवटी, हिशोबात १ कोटी १० लाख पाउंडांच्या आसपास खड्डा पडला.

इथे मला खरंच या लोकांना हात जोडावेसे वाटतात. हा क्लब बहुतांशी डॉन्स ट्रस्ट (डॉन्स हे विंबल्डनचं टोपणनाव) नावाच्या चाहत्यांच्या संस्थेच्या मालकीचा आहे, आपल्याकडच्या सहकारी सोसायटीसारखं एक सभासद एक मत, पैसे कितीही घाला. बाहेरचा गुंतवणूकदार आणला असता तर खड्डा भरला असता पण क्लबवरचा ताबा गेला असता, आणि एकदा मालकाने क्लब पळवलेला ज्यांनी बघितलाय ते परत ताबा कसा सोडतील? म्हणून त्यांनी आपापसातच रोखे काढले, कमीत कमी १००० पाउंडांचे, व्याज किती घ्यायचं तेही घेणाऱ्यानेच ठरवायचं. ५० लाख पाउंडांहून जास्त जमले. उभं राहायच्या स्टँडमध्ये माझ्या शेजारी एक वयस्कर बाई असतात, वडिलांचा हात धरून जुन्या ग्राउंडवर यायच्या म्हणे, त्यांनीही रोखे घेतलेत. मी विचारलं परत कधी मिळणार, तर म्हणाल्या, "मिळाले की नातवाच्या सीझन तिकिटाला घालीन." एवढं बोलून पुन्हा रेफरीवर ओरडायला लागल्या.

३ नोव्हेंबर २०२० ला पहिली मॅच झाली, डॉनकॅस्टरशी २-२, पहिला गोल जो पिगॉटचा. २९ वर्षं वाट बघितली आणि कोरोनामुळे आत एकही चाहता नाही! पण त्याच वर्षी या क्लबच्या लोकांनी आसपासच्या गरजू घरांना अन्न पोचवण्याचं मोठं काम उभं केलं होतं, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अर्धा स्टार कापला तो जागेच्या स्वभावापायी. वँडल नदी बाजूलाच आहे, सप्टेंबर २०२४ ला नदीचं पाणी आत शिरलं आणि पिचला चक्क भगदाड पडलं, न्यूकॅसलबरोबरची कपची मॅच त्यांच्या ग्राउंडवर हलवावी लागली. लोक चिखल उपसायला धावले, वर्गणी जमली, पिच दुरुस्तही झालं, पण पावसाळी आठवड्यात निघण्याआधी मॅच होतेय ना ते बघून घ्या. आणि बुटक्या स्टँडमध्ये वारा झोंबतो, जानेवारीत दोन स्वेटर घाला, कानटोपी घाला, उगाच स्टाइल करू नका.

जमलं तर मॅचआधी जुन्या ग्राउंडच्या जागेवरही जाऊन या. आता तिथे फ्लॅट आहेत, पण इमारतींना जुन्या विंबल्डनवाल्यांची नावं दिलीत, बॅसेट हाउस, कॉर्क हाउस, अशी. पाच मिनिटांचं काम आहे.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर मेन स्टँड घ्या, बसायला बरं आणि सगळं पिच दिसतं, एकटे किंवा मित्रांबरोबर असाल तर गोलमागचा उभा स्टँडच. मिल्टन कीन्सवाले, म्हणजे तिकडे गेलेला तोच जुना क्लब, आता नाव एमके डॉन्स, येणार असतील तर तिकिटाची मारामारी असते, मिळालं तर सोडू नका, आणि त्या क्लबचा उल्लेख करताना "डॉन्स" हा शब्द चुकूनही वापरू नका, तिथल्या लोकांना ते मनापासून लागतं आणि का लागतं ते वर सांगितलंच.