वाळ्याच्या ताट्या: दोन उन्हाळे वापरल्यानंतर

कूलर कुठला, पंखा किती इंची हे सांगत बसत नाही. प्रश्न ताट्यांचा आहे. साध्या गवताच्या काढून तिन्ही बाजूंना वाळ्याच्या बसवल्या, त्याही बरेच जास्त पैसे मोजून. पैसे सुगंधाचे दिले, म्हणून बोलायचंय ते सुगंधाबद्दलच.

पहिले काही दिवस घरभर घमघमाट, मग काहीच नाही. दुकानदार म्हणाला, "पाणी लागलं की वास उतरतोच." मला हे अजिबात पटलं नाही. वाळ्याचं तेल जड, सावकाश उडणारं. अत्तरात इतर सुगंध धरून ठेवायला तेच घालतात. भट्टीवर मुळ्या तासन् तास उकळाव्या-वाफवाव्या लागतात, तेव्हा कुठे थोडंसं तेल सुटतं. ते गार पाण्याने इतक्यात संपेल कसं? मला दाट संशय आहे की त्या ताट्या तेल काढून घेतलेल्या मुळ्यांच्या होत्या आणि वरून वाळ्याचा इसेन्स मारलेला होता. अशा मुळ्या विणकामाला जातात, त्यात गैर काही नाही. पण मग तसं सांगा आणि भाव कमी लावा. बदलून मिळाल्या नाहीत. बरीच हुज्जत घातल्यावर थोडे पैसे परत आले.

दुसऱ्या उन्हाळ्यात सुट्या मुळ्या वजनावर घेतल्या आणि जुन्याच जाळ्यांमध्ये घरी भरल्या. घेण्याआधी मूठभर आणून रात्रभर पाण्यात ठेवल्या होत्या. सकाळी पाण्याला वळिवानंतरच्या मातीसारखा वास होता, म्हणून तोच माल घेतला.

मे महिन्यात याही मंदावल्या, तेव्हा वाळ्यावरूनच मन उडालं होतं. मग गावाला गेलो, कूलर बंद राहिला, मुळ्या खडखडीत वाळल्या. परतल्यावर पंप सुरू केला आणि पहिल्या झोतालाच वास आला, तोही नव्यासारखा! तेव्हापासून कूलर बंद करायच्या आधी पंप थांबवतो आणि नुसता पंखा चालवून ताट्या सुकू देतो. कायम ओल्या राहिल्या की त्यांना कुबट वास धरतो, आणि मग वाळा असूनही उपयोग नाही.

गारवा गवताच्या ताट्यांइतकाच, जास्त नाही. बारीक तंतू सुटून पंपाच्या जाळीत अडकतात. पंपाला सुती फडकं गुंडाळलं की भागतं. बोअरच्या पाण्याचे क्षार मात्र मुळ्यांवर बसतात आणि तेवढा भाग पाणी धरत नाही. माझी मागची ताटी तशी झाली आहे. तिच्यातल्या वरच्या मुळ्या काढून नव्या घालणार, बाकी दोन याही वर्षी चालतील.