चिलिकाच्या वाळूत ६,३०० रुपयांचे ‘मोती-पोवळे’

पुरीला जगन्नाथाच्या दर्शनाला गेलेली आपली बहुतेक माणसं पुढे सातपाड्याला चिलिका सरोवर बघायला जातात, म्हणून मुद्दाम लिहितेय. डॉल्फिन खुशाल बघा. पण बेटावर कोणी शिंपले फोडायला बसलेला दिसला की तिथे पाऊलही टाकू नका.

आम्ही चौघांनी ३,२०० रुपयांना बोट केली. इरावडी डॉल्फिनच्या पाठी दिसल्या, मन भरलं. मग समुद्राच्या मुखाजवळच्या वाळूवर नावाड्याने लाल खेकडे दाखवायला उतरवलं. तिथे ताडपत्रीखाली एकजण टबात शिंपले घेऊन बसलेला. "कुछ निकला तो लेना, नहीं तो मत लेना." पहिले दोन रिकामे, तिसऱ्यातून मोती, चौथ्यातून पोवळं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ९,००० पासून घासाघीस, मोती २,८०० ला आणि पोवळं ३,५०० ला. पैसे मोबाईलवरून गेले, स्क्रीनवर नाव तिसऱ्याच कुणाचं.

मी रत्नागिरीची. कालवं फोडायला किती जोर लागतो ते लहानपणापासून बघितलंय. जिवंत कालव असं घट्ट मिटून बसतं की हात रक्ताळतात. या माणसाने शिंपला नुसत्या अंगठ्याने उघडला, कुंकवाची डबी उघडावी तसा. ते मला दिसलं होतं! त्याच क्षणी उठायला हवं होतं, हे अजून डोक्यातून जात नाही. पण चहूकडे पाणी, परत नेणारा एकच नावाडी, आणि तोच जगन्नाथाची शपथ घेऊन "असली है" सांगतोय. सकाळीच दर्शन करून आलेलो. जाऊबाईंनी तर लेकीची अंगठी मनात घडवूनही टाकली होती. अशा वेळी कोण भांडतं? आणि पोवळं शिंपल्यात तयारच होत नाही, ते समुद्रातल्या प्रवाळाचं असतं, हे घरी बसून आठवायला सोपं आहे.

घरी सोनाराने नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून पोवळ्यावर फिरवला. कापूस लाल, खडा पांढुरका. मोत्याची चकाकी नखाने निघाली, आत काच.

संशय तिथेच आला होता म्हणून परत आल्यावर जेट्टीवर विचारलं, तर म्हणे बेटावर कोण काय विकतं त्याच्याशी आमचा संबंध नाही. चौकीत पहिला प्रश्न, "पावती आहे?" वाळूत बसलेला माणूस पावती देतो का हो? वर "आपने खुद दिया ना." इथे गावी आल्यावर हद्दीचं कारण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मी मोबाईलवर काढून दाखवलं, दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी नोंदवावा लागतो म्हणून. साहेबांनी बघितलंसुद्धा नाही. अर्ज ठेवून जा म्हणाले. पोच मागितली तर "उद्या या." १९८१ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत असलेलं सरोवर, देशभरातून माणसं येतात, आणि सावध करणारी एक पाटी मला कुठे दिसली नाही. एक पाटी लावायला किती पैसे लागतात?

शिंपला फोडणाऱ्याचा व्हिडिओ घ्या, लगेच हात आखडतो. पैसे गेलेच असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि बोटीचा नंबर जपून ठेवा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि बोट ठरवतानाच, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा: शिंपलेवाल्याकडे थांबायचं नाही. नावाडी कुरकुरला तर दुसरी बोट बघा.