सप्ताह गावातला आणि सप्ताह मोबाईलवरचा

आमच्या गावचा हरिनाम सप्ताह आता यूट्यूबवर लाईव्ह असतो, म्हणून यंदा आम्ही पुण्यातच बसून बघितला. सोय आहेच, नाही कशाला म्हणू, आई पंचाहत्तरीची, गुडघे दुखतात, तिला खुर्चीत बसून कीर्तन दिसतं नि महाराजांचा शब्दन्‌शब्द ऐकू येतो, मंडपात मागे बसलं की निम्मं कळायचंच नाही.

पण गावात कसं, पहाटे चारला काकडा, मग दिवसभर ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ नि रात्री कीर्तन, आणि सातही दिवस वीणा खाली टेकवायची नाही, पहाऱ्याची पाळी ठरलेली. आमच्या दादांची (म्हणजे वडिलांची) रात्री दोन ते चार. मी कांबळ्यात गुरगुटून त्यांच्या पायाशी झोपायचो, मधेच जाग आली की त्यांचा टाचा भेगाळलेला पाय हळूहळू ताल धरताना दिसायचा, दिवसभर नांगर हाकलेला माणूस हो! ते कुठल्या कॅमेऱ्यात येणारे? रात्री दोनला लाईव्ह बंदच असतं.

जेवणाचं तर बोलायलाच नको. काल्याच्या दिवशी पत्रावळीवर आमटी सगळीकडे पळायची, भाताचं आळं करून अडवायची. यंदा काल्याचं कीर्तन चालू असताना आम्ही पोहे खात होतो. दहीहंडी फुटली तशी आईनं खुर्चीतूनच दोन्ही हात पुढे केले, प्रसादाला करतात तसे.

पुढच्या वर्षी गाडी करतोय, गुडघ्याचं बघू.