रॅपखाली काय दडलंय ते बघा, मगच बाण घ्या

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे पोरांसाठी बाण घेणाऱ्या प्रत्येक पालकानं आणि प्रशिक्षकानं हे वाचावं अशी माझी विनंती आहे. पिसं लावून, रॅप (बाणाच्या मागच्या भागाभोवती गुंडाळायची रंगीत चिकटपट्टी) चिकटवून 'एकदम रेडी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कार्बन बाणांत आमच्या मुलांच्या पालकांचे पैसे गेले. पैशांचं दुःख आहेच, पण त्या रॅपखाली जे निघालं त्यानं एखाद्या पोरीचा हात कायमचा अधू झाला असता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी कोल्हापुरात एका मैदानावर मुलांना तिरंदाजी शिकवायला मदत करतो. बाणांची दुरुस्ती माझ्याकडे असते. निघालेली पिसं काढायची, शाफ्ट म्हणजे बाणाच्या दांड्या साफ करायच्या, जिगवर (पिसं नेमक्या जागी धरून ठेवणारं साधन) नवी पिसं लावायची. 2023 मध्ये साताऱ्याच्या आदिती स्वामीनं बर्लिनला कंपाऊंडचं (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा प्रकार) जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत विजेता झाला. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला होता. तेव्हापासून आपल्याकडं खेड्यापाड्यातून पोरं या खेळात येऊ लागली, याचा मला फार आनंद आहे. पण मागणी वाढली तसे पिशवी घेऊन मैदानोमैदानी फिरणारे विक्रेतेही वाढले.

आमच्याकडं आलेला माणूस बोलायला गोड होता. रिकर्व्ह (ऑलिंपिकमधलं, टोकं पुढं वळलेलं धनुष्य) खेळणाऱ्या मुलींसाठी 800 स्पाईनचे (स्पाईन म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचं माप) नवे कार्बन बाण, परदेशी ग्लूनं पिसं लावलेले, वर लाल रॅप, असा त्याचा प्रस्ताव होता. "दादा, नाद खुळा माल हाय. पोरींनी फक्त नॉक लावायचा आणि सोडायचा," असं तो म्हणाला. (नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत अडकणारी खाच.) त्यानं एक नमुना दिला. मी तो तपासला. बाण सरळ होता, पीस ओढूनही निघत नव्हतं, वजन बरोबर होतं. नमुना खरंच उत्तम होता आणि फसवणुकीची सगळी मांडणी त्यावरच उभी होती. पालकांनी वर्गणी काढली. एका मुलीच्या आईनं तर बचत गटातून पैसे उचलले. माल आला, दिसायला नमुन्यासारखाच.

काही आठवड्यांत पिसं निघायला लागली. नुसत्या कडा उचलत नव्हत्या, अख्खं पीस पट्टीसारखं सुटून हातात येत होतं.

निघालेलं पीस कधी फेकू नका, त्याचा तळ बघा, कारण चूक कुठं झाली ते तिथंच दिसतं. वाळलेला ग्लू पिसाला चिकटून आला आणि शाफ्ट कोरा राहिला, तर शाफ्ट साफ केलेला नव्हता. ग्लू शाफ्टवर राहिला आणि पिसाचा तळ गुळगुळीत निघाला, तर पीस पुसलेलं नव्हतं. प्लास्टिकची पिसं साच्यातून सुटावीत म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश तळाला राहतो, तो पुसावाच लागतो. आमच्या बाणांवर पिसाच्या आकाराची ग्लूची पापडी जशीच्या तशी उचलून आली होती. खालचा पृष्ठभाग बोटाला किंचित बुळबुळीत लागत होता.

फोन केला तर विक्रेता म्हणाला, "तुमच्याकडं पाऊस लई, दमट हवेत ग्लू सुटतोय." कोल्हापूरचा पाऊस कुणालाही खरा वाटेल असं कारण आहे, म्हणूनच हे उत्तर नीट समजून घ्या. झटपट चिकटणारे ग्लू सायनोअॅक्रिलेटचे असतात आणि ते घट्ट होतात तेच मुळी ओलाव्यामुळं. दमट हवेत ते उलट लवकर बसतात. फार दमटपणा असेल तर कडेला पांढरट भुकटी उठते, बाटली उघडी राहिली तर आतला ग्लू दाट होऊन वाया जातो, हे खरं. पण नीट साफ केलेल्या शाफ्टवरून पीस असं सपशेल उचलून येत नाही. शाफ्ट कशानं पुसले असं विचारल्यावर तो म्हणाला, सॅनिटायझरनं. हात कोरडे पडू नयेत म्हणून सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातच ते 1.45 टक्के आहे. म्हणजे स्पिरिट उडून जातं आणि ग्लिसरीनचा पातळ थर मागं राहतो. त्यावर जगातला कुठलाही ग्लू धरणार नाही. 'परदेशी ग्लू' म्हणून त्यानं सोबत दिलेल्या बाटलीवरचं लेबलही नखानं सुटलं, आणि त्याखाली दुसऱ्याच मालाची चिठ्ठी होती.

इथपर्यंत मी याला हलगर्जीपणा म्हटलं असतं. नवी पिसं लावायची म्हणून रॅप सोलायला घेतले आणि सगळा प्रकार उघडा पडला. गरम पाण्यात मागचं टोक थोडा वेळ धरलं की रॅपचा चिकटा मऊ होतो. (थेट ज्योत किंवा हीटगन कार्बनजवळ नेऊ नका, तंतूंना बांधणारं रेझिन खराब होतं.) पहिल्याच शाफ्टवर मार्करनं लिहिलेली दोन इंग्रजी अक्षरं निघाली, दुसऱ्यावर वेगळीच दोन. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूच्या बाणावर त्याचं नाव किंवा आद्याक्षरं असावी लागतात. म्हणजे हे शाफ्ट नवे नव्हतेच. वेगवेगळ्या खेळाडूंनी वापरून टाकून दिलेले बाण जमवून, वर एकसारखे रॅप गुंडाळून संच बनवला होता.

आणि काहींच्या मागच्या टोकाला, नॉक बसतो तिथं, उभी चीर होती. मागून दुसरा बाण आदळला की अशी चीर पडते. ती पातळ ग्लूनं भरून, घासून, वरून रॅप चढवला होता. हे बघितलं तेव्हा माझे हात थरथरले. बाण सोडताना दोरीचा सगळा धक्का त्याच टोकावर येतो आणि शाफ्ट क्षणभर वाकतो. चिरलेला कार्बन त्या वेळी फुटला तर त्याची सुईसारखी कुसळं धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. ज्यानं ती चीर झाकली त्याला ती दिसली होती. तरीही त्यानं तो बाण शाळेतल्या पोरीच्या हातात दिला.

पुरावा पक्का करायला एका मित्राच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लेथच्या कारखान्यात गेलो. स्पाईन मोजायची पद्धत ठरलेली आहे. शाफ्ट 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायचा, मध्यभागी 1.94 पौंड, म्हणजे सुमारे 880 ग्रॅम वजन टांगायचं आणि तो किती वाकतो ते बघायचं. 0.800 इंच वाकला तर 800 स्पाईन. आमचे शाफ्ट आखूड कापलेले होते, म्हणून आधार 25 इंचांवर ठेवले आणि नमुन्याशी तुलना केली. डायल गेजवर नमुना साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास वाकला. बाकीचे कुणी अकरा, कुणी अठरा. एकाच संचात इतका फरक असेल तर नेम कितीही चांगला असो, बाण एका जागी पडणार नाहीत. आमची एक मुलगी तर स्वतःचाच रिलीज, म्हणजे दोरी सोडायची पद्धत, बिघडला असं समजून रडत होती. नंतर गुजरीत एका ओळखीच्या सराफाच्या काट्यावर वजनं घेतली, तीही जुळली नाहीत.

आता आम्ही पिसं लावलेले बाण घेतच नाही, कोरे शाफ्ट घेतो. कोरा शाफ्ट हातात आला की दोन्ही टोकं धरून हलकासा वाकवायचा, फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी, कानाशी धरून. कुरकुर ऐकू आली, कुठं खरखरीत लागलं, तर तो तिथंच बाद. विक्रेता कोरे शाफ्ट द्यायला तयार नसेल, "रॅप काढला तर वॉरंटी जाईल" म्हणत असेल, तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

पिसं घरी लावणं अवघड नाही. कार्बनचा शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा. मोबाईल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथं ते मिळतं. सुती फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत पुसत राहायचं. पेट्रोल, रॉकेल नको, तेलकट अंश राहतो. अॅसिटोननं एखादा हात चालतो, पण त्यात शाफ्ट बुडवून ठेवायचा नाही आणि रॅपला तर लावायचंच नाही. अॅल्युमिनियमचा शाफ्ट भांडी घासायच्या पावडरीनं घासून धुवायचा. मग वरून पाणी सोडायचं. पाणी एकसारखं पसरलं तर शाफ्ट स्वच्छ, थेंब थेंब होऊन बसलं तर तेल अजून आहे. एकदा साफ झाला की पिसांच्या जागी बोट लागता कामा नये, डोक्याला तेल लावलेला हात तर नाहीच. ग्लूची बारीक रेघ पुरते. जास्त लावला तर उशिरा आणि कच्चा बसतो. पिसाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला शेवटी एकेक थेंब. विरघळक असलेला जुन्या पद्धतीचा ग्लू वापरलात तर जिगमध्ये जास्त वेळ ठेवा आणि दुसऱ्या दिवसाआधी बाण सोडू नका. इंडियन राउंडवाल्यांनी (साध्या लाकडी-बांबूच्या धनुष्यानं खेळायचा आपल्याकडचा प्रकार) लाकडी किंवा बांबूच्या बाणावर आधी तुकड्यावर ग्लू लावून बघावा, काही ग्लू खालची पॉलिशच विरघळवतात.

आमच्या बिलावर फक्त 'क्रीडा साहित्य, 1 संच' एवढंच लिहिलं होतं. तुम्ही बिलावर शाफ्टचं मॉडेल, स्पाईन, लांबी आणि 'नवीन' हा शब्द लिहून घ्या. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, पुढं जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं शुल्क लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत व्हायला हवी. विक्रेत्यानं अजून एक रुपया परत दिलेला नाही. उलट तोच माणूस आता निळ्या रॅपचे बाण घेऊन उन्हाळी शिबिरांत फिरतोय, असं दोन ठिकाणांहून कळलं.

असे बाण तुमच्याकडं आले असतील तर मुलांच्या हातातून ते आजच काढून घ्या. रॅप सोलताना सलग व्हिडिओ करा, निघालेली पिसं त्या त्या शाफ्टला बांधून ठेवा, बिल आणि पैसे पाठवल्याची नोंद जपा. चिरलेले शाफ्ट फेकून देऊ नका, आयोगापुढं तेच दाखवावे लागतील.