गाड्यावरचं चायनीज का अस्सल चायनीज, कुठं जावं?

आमच्या सिडकोत अस्सल चायनीजचं हॉटेल सुरू झाल्यापासून जो तो विचारायलाय, जावं का नाही. मी दोनदा जाऊन आलोय आणि गाड्यावरचं तर कॉलेजपासून खायलोय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आधी एक डोक्यात पक्कं ठेवा, अस्सलच्या हॉटेलात मंचुरियन मिळत नाही. ते चीनचं नाहीच. १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतून सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवरच्या ग्रेव्हीत चिकन दिलं, तिथून ते सुरू झालं असं सांगतात, आणि त्याच्याही आधी कोलकात्यातल्या हक्का समाजाच्या चिनी लोकांनी आपल्या जिभेला रुचंल असं चायनीज करायला सुरुवात केलेली. म्हणून मला गाड्यावरचं नकली वाटत नाही, ते आपलं चायनीज आहे. भट्टीच्या आचेवर कढई हलवली की नूडल्सला जो धुराचा वास लागतो तो घरी काही केलं तरी येत नाही.

अस्सलची गोष्टच वेगळी. पहिल्यांदा ताई आणि दाजींना घेऊन गेलतो, दाजींनी बसल्या बसल्या शेजवान राईस मागितला, तो नव्हताच. मग मापो टोफू घेतला, सिचुआन प्रांतातल्या चंगडू शहरातला पदार्थ, लालभडक तेलात मऊ टोफूचे म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे चौकोनी तुकडे आणि सोबत नुसता पांढरा भात. दाजींनी दोन घास खाल्ले, थांबले, म्हणले, "जीभ बधिर व्हायलीय रे." ती सिचुआनी मिरीची करामत, अक्कलकारा चघळल्यावर जीभ चुणचुणते ना अगदी तसं, आणि कोकणात माशाच्या कालवणात तिरफळ टाकतात ते हिच्याच कुळातलं. आपल्या शेजवान चटणीला नाव सिचुआनवरूनच पडलंय पण तिच्यात लाल मिरची आणि लसूण, ही मिरी नसते. ठेचा खाणाऱ्याला तिखट काही नवं नाही, पण ही चुणचुण आपल्या रोजच्या जेवणात कशातच नाही, माझ्यासाठी तरी तेवढ्यासाठी जाणं वसूल झालं.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर मात्र जपून. मापो टोफूत मुळात खिमा असतो, साध्या परतलेल्या पालेभाजीतही ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा सॉस असू शकतो, सूपचं पाणी बऱ्याचदा चिकनचं. ऑर्डरच्या आधी स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही. आईचा सोमवार असला तर मी सरळ ओळखीच्या शुद्ध शाकाहारी ठिकाणी नेतो.

पैशाचं म्हणाल तर गाड्यावर शंभर-दीडशेत एकाचं पोट भरतं, इथं एकेक डिशच तीनशे-चारशेची. पण चिनी लोक एकेकाची वेगळी प्लेट घेत नाहीत, सगळं मधी ठेवून वाटून खातात, म्हणून दोघं जाऊ नका, चौघं जा आणि तीन डिश, भात, वाफेवरचे डंपलिंग एवढंच घ्या. लहान लेकरं हक्का नूडल्ससाठी हट्ट करणारी असतील, नाहीतर तासाभरात उरकायचं असेल, तर गाडाच बरा.

दाजी परवा फोनवर विचारत होते, परत कधी जायचं. ताईला मात्र अजून टीव्ही सेंटरकडचा गाडाच पाहिजे.