पाळीव प्राण्यांची अंत्यविधी सेवा: चार तारे, तेही त्या पोरामुळे

सेवेचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि हे काम करणारी माणसं मुळात थोडी. ठाण्याकडून गाडी येते, एवढं पुरे. नाव हवं असेल तर मला विचारा, सांगेन.

आमचा बोका निळूभाऊ. 2011 साली गॅरेजमागून उचलून आणला तेव्हा तळहाताएवढा होता आणि एक डोळा बारीक करून असा तिरका बघायचा, की दुसरं नाव सुचलंच नाही. स्वभाव मात्र पडद्यावरच्या पाटलाचा नव्हता, खऱ्या निळू फुल्यांचा होता. ते सेवा दलातले, उमेदीच्या काळात माळीकाम केलेले. आमचे भाऊही कुंड्या उकरण्यात तरबेज.

चौदाव्या वर्षी किडनीनं धरलं. मांजराची किडनी बरीचशी निकामी होईपर्यंत ते काही दाखवत नाही. पाणी जास्त पितंय, वजन उतरतंय, एवढंच. रिपोर्ट आला तेव्हा क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढतं ते) सातच्या वर होतं. डॉक्टरांनी घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं: मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, तंबू झाला की सुई आत, रोज 100 मिली. रात्री आठच्या मालिकेच्या एका ब्रेकमध्ये बाटली बरोबर तेवढी उतरायची. नायिकेची स्मृती गेली, परत आली, मालिकेनं सात वर्षांची लीप घेतली आणि भाऊंच्या खांद्यावर पाण्याची उशी तयार होत राहिली. त्या मालिकेबद्दल मी आता वाईट बोलत नाही. आमच्या नागपूरवालीला ते पटत नाही.

नागपूरवाली, सांगलीवाली, बेंगळुरू आणि न्यूजर्सी, या माझ्या चौघी ऑनलाइन मैत्रिणी. 2020 च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनवर जुनं रामायण परत लागलं, त्यावर भांडता भांडता आमची ओळख झाली. प्रत्यक्ष एकदाही भेटलेलो नाही, पण कुणाच्या घरी आज कुठली भाजी आणि कुणाची सासू कुठल्या पायरीवर घसरली हे सगळं ठाऊक. जूनमधल्या त्या शनिवारी आमचा वाद चालू होता तो हिंदी सिनेमात कुत्र्यांना मिळणाऱ्या भूमिकांवर. 1985 साली 'तेरी मेहरबानियाँ'त जॅकी श्रॉफच्या खुनाचा बदला मोती घेतो, 1994 साली 'हम आपके हैं कौन'मध्ये लग्नाच्या घरात टफी जोडी जुळवतो, आणि मांजराला काय? आडवं जायचं! तेही मालिकेत, तीनदा मान वळवून. मी हे टाइप करत होते आणि मांडीवर भाऊंचा श्वास थांबला. मी लिहिलं, 'भाऊ गेले.' न्यूजर्सीनं विचारलं, 'कोण? कुठल्या मालिकेतले?' मग तिच्या लक्षात आलं.

नंबर शोधला बेंगळुरूनं, तिथे बसून. मला तर फोनचा पासवर्ड आठवेना.

आता सेवेबद्दल. फोनवर मुलगी होती. पहिला प्रश्न, 'पेट एक्सपायर कधी झाला?' दुधाची पिशवी आहे का ती? पुढचा प्रश्न वजनाचा, कारण दर वजनावर. पाच किलोच्या आत, स्वतंत्र दहन, घरून नेणं आणि अस्थी आणून देणं धरून 4,500 रुपये. सामूहिक घेतलं तर निम्म्यात, पण मग अस्थी मिळत नाहीत. हा फरक तिनं आपणहून सांगितला नाही, सांगलीवालीनं मला विचारायला लावला. तुम्हीही विचारा. लगेच पुढे पंजाचा ठसा फ्रेम करून 1,200, लॉकेट 900. माणूस रडत असताना लॉकेट विकू नये, एवढं कुणीतरी त्यांना सांगा. (मुंबई महापालिकेची मालाडला गॅसदाहिनी आहे, 2023 पासून. पण डोंबिवलीहून मालाड, पावसात, मांडीवर भाऊ, एवढी ताकद माझ्यात नव्हती.)

'दीड तासात येतो' म्हणाले, चार तास लागले. कल्याण-शीळ रस्ता, दुसरं काय. त्या चार तासांत काय करायचं हे त्यांनी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. म्हणून मी सांगते. अंग दोन-तीन तासांत ताठायला लागतं, त्याच्या आत पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखं ठेवा, नाहीतर खोक्यात मावत नाही. डोळे मिटत नाहीत, मिटवायचा हट्ट करू नका. खाली जुनं फडकं ठेवा, लघवी होते. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून टॉवेलात गुंडाळून ठेवा, ओल लागू देऊ नका. हे सगळं मला व्हिडिओ कॉलवर नागपूरवालीनं करायला लावलं, तिच्या दोन मांजरी गेल्यात. कॉल तसाच चालू राहिला. न्यूजर्सीला पहाटेचे साडेचार. तिला मध्येच झोप लागली आणि तासभर आम्हाला तिच्या खोलीतला पंखा दिसत होता.

गाडीबरोबर आलेला पोरगा विशीतला, रेनकोट निथळत होता. तो लगेच आत आला नाही. आधी चपला काढल्या, रेनकोट जिन्यावर टांगला, हात पुसले आणि विचारलं, 'काकू, नाव काय ह्याचं?' सांगितलं. तो हसला नाही. खोक्याजवळ बसून म्हणाला, 'चला निळूभाऊ,' आणि डोक्याखाली हात घालून उचललं, लहान मूल उचलतात तसं. मी दूध-भात ठेवला होता, तो म्हणाला, 'द्या, बरोबर ठेवतो.' पितळेची घंटी असलेला पट्टा मात्र सोडून माझ्या हातात दिला, धातू आत चालत नाही म्हणाला. चारपैकी तीन तारे त्या पाच मिनिटांचे.

दहनाचा व्हिडिओ पाठवतो म्हणाले होते, आला नाही. फोन केल्यावर 'नेटवर्क नव्हतं.' अस्थी तिसऱ्या दिवशी आल्या, मातीच्या छोट्या मडक्यात, वर लाल कापड. किती असतील? कटिंगच्या ग्लासात मावतील एवढ्या. साडेतीन किलोच्या मांजराच्या तेवढ्याच होतात, कुणी काढून घेतल्या असं समजू नका. सोबत इंग्रजी कविता छापलेलं सर्टिफिकेट, इंद्रधनुष्याच्या पुलाची, जिथे गेलेले प्राणी आपल्या माणसाची वाट बघतात म्हणे. भाऊंना इंग्रजीचं वावडं होतं.

सासूबाई म्हणाल्या, 'तुळशीत नको, जास्वंदीत घाल.' सांगलीवालीकडे शेती आहे, तिनं बजावलं की राख क्षारट असते, मुळाशी ढीग करू नकोस, भरपूर मातीत मिसळ. तसं केलं. जास्वंद अजून तरी बरी आहे.

आणि मडक्यावरचं लेबल. 'निलु. जात: डॉग.' मी फोटो काढून चौघींना पाठवला. पहिली दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग नागपूरवालीचा व्हॉइस मेसेज आला, त्यात ती नुसती हसत होती, शेवटी नाक ओढल्याचा आवाज.

कंपनीला कळवलं. दुसरं लेबल कुरिअरनं पाठवतो म्हणाले, माफीही मागितली. मी नको म्हटलं. सांगलीवालीचं म्हणणं पडलं, मांजरांना सिनेमात काम मिळत नाही म्हणून इतकं भांडलो, आता भाऊंना मिळालंय तर राहू दे, कुत्र्याचं का होईना.