साल्साच्या भाज्यांसाठी बिडाचा तवा: चार महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या बर्तन बाजारातील एका दुकानातून मी चार महिन्यांपूर्वी दहा इंची बिडाचा तवा आणला, तो पोळ्यांसाठी नव्हे, तर मेक्सिकन पद्धतीचा भाजलेल्या टोमॅटोचा साल्सा (चटणीसारखे तोंडीलावणे) घरी जमावा म्हणून. तोवर माझे टोमॅटो भाजले जातच नसत. त्यांना पाणी सुटे आणि ते त्यातच शिजून लिबलिबीत होत.

आधी दोन उपाय करून झाले होते. नॉनस्टिक तवा या कामाचा नाही, कारण कोरडाच कडकडीत तापवल्यास साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा थर खराब होऊ लागतो. भरिताच्या वांग्याची जाळी ढोबळ्या मिरचीला उत्तम (साल काळी झाली की मिरची दहा मिनिटे झाकून ठेवावी, साल हाताने सुटते, नळाखाली मात्र धरू नये, खमंगपणा वाहून जातो), पण टोमॅटो तिच्यावर फुटला की रस थेट बर्नरच्या भोकांत उतरतो.

मेक्सिकोत हे काम ‘कोमाल’ नावाच्या सपाट तव्यावर होते आणि त्यावरच तोर्तिया, म्हणजे तिथल्या पोळ्याही भाजतात. बिडाचा तवा त्याची जागा चांगली घेतो, कारण जड बीड उष्णता धरून ठेवते आणि गार टोमॅटो पडल्यावर एकदम निवत नाही. भाजीचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान पाण्याच्या १०० अंशांपुढे फारसे जात नाही, आणि खमंग तांबूस रंगाला साधारण १४० अंश लागतात. म्हणून टोमॅटो फडक्याने कोरडे करणे, तव्यावर गर्दी न करणे आणि तेल न घालणे या तीन गोष्टी मी आता काटेकोरपणे पाळते.

तवा सात-आठ मिनिटे तापवून त्यावर चार टोमॅटो, कांद्याच्या बोटभर जाड चकत्या, सालीसकट लसूण आणि चीर दिलेल्या दोन हिरव्या मिरच्या ठेवते. चीर न दिल्यास मिरची फुटते, आणि खिडकी न उघडल्यास सारे घर खोकते. टोमॅटो उलटण्याची घाई केली की साल तव्याला धरते, रस सांडतो आणि तो आटेपर्यंत भाजणे थांबते. चार-पाच मिनिटे हात न लावल्यास साल सुरकुतून तडकते, चुरचुर मंदावते आणि टोमॅटो आपोआप सुटतो, तेव्हा खाली रुपयाएवढा काळा चट्टा दिसतो. लसूण सर्वांत आधी काढावा, जळला तर कडवट होतो.

पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “अगं, करपलं की सगळं!” भरिताच्या वांग्याला आपण करपले म्हणत नाही, हे त्यांना मीठ-लिंबू घालून खलबत्त्यात कुटलेला साल्सा चाखल्यावर पटले.

तक्रारी दोन आहेत. विक्रेत्याने तवा ‘तयार’, म्हणजे तेलाचा थर आधीच चढवलेला, असल्याचे सांगितले होते, पण टोमॅटोच्या आंबटपणाने पहिल्याच खेपेस त्याचा काळा थर निघाला, मध्यभागी करडा डाग पडला आणि साल्साला लोखंडाची चव आली. परत घेण्यास दुकानाने नकार दिला. मग शेंगदाणा तेलाचा अगदी पातळ हात लावून, धूर येईपर्यंत तापवून गार करणे, असे चार वेळा करावे लागले. आता टोमॅटो उतरताच तवा धुऊन आचेवर कोरडा करते, डाग पुन्हा पडलेला नाही. दुसरी तक्रार वजनाची: अडीच किलोचा हा तवा सासूबाईंना उचलवत नाही आणि त्याची मूठही तव्याइतकीच तापते.

साडेनऊशे रुपयांना मला तो महाग वाटला नाही. मात्र ज्यांना फक्त ढोबळी मिरची भाजायची आहे, त्यांना जाळी पुरेल.